मदत हवी आहे: नागपूर ते टोरंटो, नेमके तास किती?

नमस्कार मंडळी. बहीण टोरंटोला असते. जूनमध्ये मायला घेऊन तिच्याकडे जायचंय. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. माय आजवर रेल्वेनं पंढरपूरला गेली तेवढीच.

तिकीट नागपूर-दिल्ली आणि पुढे दिल्ली-टोरंटो थेट असं आहे. दिल्लीहून रात्री 2:30 ला निघून त्याच दिवशी सकाळी 8:30 ला पोचतो. मायला वाचून दाखवलं तर म्हणते, "सहा घंट्यात कॅनडा? मंग नागपूरले जाऊन याले आपला सारा दिवस कायले जाते?"

वेळा जिथल्या तिथल्या असतात हे मला कळतं. उन्हाळ्यात टोरंटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे सहा अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास. बरोबर ना? पण परतीला सकाळी 11 ला निघून दुसऱ्या दिवशी 11 ला दिल्ली. चोवीसातून साडेनऊ गेले की उरतात साडेचौदा. तोच रस्ता, मग तास कमी कसा?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. परवा मधल्या सुट्टीत वर्गातला पृथ्वीगोल घेतला आणि नागपूरवर बोट दाबून सुताचा दोरा टोरंटोपर्यंत ताणला. साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला. विषुववृत्तावर तोच दोरा फिरवला तर 94. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर धरला तर अंतर साडेबारा हजारांच्या आसपास येतं. गंमत म्हणजे भिंतीवरच्या नकाशात रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत जाते आणि गोलावर दोरा रशियावरून थेट बर्फाकडे चढतो. पोरं म्हणाली, सर, दोरा घसरला.

ताशी 900 नं हिशेब केला तर दिल्लीपासून तेराच तास होतात. वरचे अडीच कुठून आले? आणि दोहावरून गेलो तर बरं का? हे विचारायचं खरं कारण मायचं इन्सुलिन. दोन वेळचं आहे, त्यामुळे तास चुकून चालायचे नाहीत.

---

प्रतिसाद:

सर, दोरा घसरला नाही, जवळची वाट तीच. दिल्ली तर जवळपास त्या दोऱ्यावरच आहे: नागपूर-दिल्ली 850, पुढे टोरंटो साधारण 11,640. दोहावरून 2,850 आणि 10,880, म्हणजे हजार-बाराशे किलोमीटर जास्तच.

पण विमान दोऱ्यावरून उडत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीची विमानं आधी गुजरात, अरबी समुद्राकडे उतरून मग पश्चिमेला वळतात. शिवाय वरच्या हवेत वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. तुमचा तास तिथे वाचतो.

साडेपंधरा बरोबर आहे, पण ते फक्त दिल्लीपासूनचे. घरातून निघाल्यापासून मोजा: जाम चौरस्त्यावरून नागपूरचं सोनेगाव विमानतळ, तिथली दोन तास आधीची हजेरी, दिल्लीतला मुक्काम, सगळं मिळून दीड दिवस होतो.

इन्सुलिनचं डॉक्टरांनाच विचारा. फक्त त्यांना निघायच्या-पोचायच्या वेळा सांगू नका, मधले तास सांगा. औषध हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आणि बहिणीच्या घरी पोचेपर्यंत आईच्या मनगटावरचं घड्याळ आपल्याच वेळेवर राहू द्या.

---

धन्यवाद भाऊ. मायकडे घड्याळ नाही, उद्या हिंगणघाटहून आणतो.