निब नाही, जीभ बघा
फाउंटन पेनने लिहिताना निबवर दाब दिला की मधे पांढरं सोडून रेल्वेच्या रुळांसारख्या दोन रेघा उमटतात, म्हणजे निबच भंगार, हे इथे एकाने मांडलेलं मत मला पटलं नाही. निबचे फाटे उघडतायत ना, मग ती आपलं काम करतेय. कमी पडते ती खालची जीभ, म्हणजे टाकीतली शाई निबपर्यंत नेणारा खाचेचा तुकडा. माझ्याकडच्या नूडलर्स अहाब या पेनाची जीभ एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची आहे. तिची शाईची खाच दाढीच्या ब्लेडच्या कोपऱ्याने केसभर खोल केली. हलक्या हाताने दोन-तीनदाच, आणि कीस जुन्या टूथब्रशने झाडला. मग निब आणि जीभ जशी बसवायची तशी जुळवून गरमागरम पाण्यात 20 सेकंद धरली, फडक्यात घेऊन अंगठ्याने दाबून निवू दिली. दोघींमधली फट गेली, रूळही गेले. प्लास्टिकच्या जिभेवर हा उद्योग करू नका, ती अशी बसत नाही.

एक मात्र आहे. अशी खाच मोकळी केलेलं पेन आमच्या विदर्भातल्या दारव्ह्याच्या मे महिन्यात अर्धवट भरून खिशात ठेवलं की संपलं. टाकीतली हवा तापून फुगते आणि शाई बाहेर ढकलते. साक्षगंधाला घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर निळा बिल्ला घेऊन मी पंगतीत वाढत होतो, आणि जो तो विचारे, काहून जी, सही कोणाची घेतली? आता उन्हाळ्यात पेन काठोकाठ भरून नेतो, नाहीतर सरळ रिकामं.