बार्शी लाईटचा एक डबा बार्शीत आणून ठेवावा का?

धागाकर्ता
मेन लाईन बार्शीला बगल देऊन गेली, म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली अडीच फुटी गेजवर (दोन रुळांतलं अंतर) गाडी आणली, तीच बार्शी लाईट. चाकांच्या प्रत्येक आसावर (अ‍ॅक्सलवर) पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हे त्याचं गणित. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही मोठे डबे धावू शकले. पुढे ही लाईन पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली. आता सगळं ब्रॉडगेज. रेल्वेकडे त्या गेजचा निवृत्त डबा शिल्लक असेल तर तो आपल्या गावात एसटी स्टँडजवळ ठेवावा. तुमचं मत?

मोडीतज्ज्ञ
कडाडून विरोध. डबा आणणं सोपं हो! बोगी (डब्याखालचा चाकांचा गाडा) वेगळी करायची, क्रेनने सांगाडा उचलून ट्रेलरवर टाकायचा, गावात दोन रूळ टाकून पुन्हा बसवायचा. पुढचं बोला. पाणी पत्र्याच्या खालच्या कडेला मुरतं. वरून रंग चकाचक, आणि तळाचा सांगाडा आतून खाल्लेला. डोक्यावर शेड नसेल तर पाचेक पावसाळ्यांत तो डबा राहत नाही, भंगार होतो. लोखंडाला तरी निदान लिलावात भाव मिळतो.

कुर्डुवाडीकर
आणि बार्शीतच का? या लाईनचं वर्कशॉप आमच्याकडे. चाकं काढून, तपासून पुन्हा घालणारे हात कुर्डुवाडीत होते. डबा इथेच शोभेल.

धागाकर्ता
@कुर्डुवाडीकर, लाईनचं नावच बार्शी लाईट आहे, राव.

वारीवाला
भांडा तुम्ही. आषाढीला टपावर बसून पंढरीला गेलेली माणसं विचारतायत, आमचं काय?

नागपूरची
मोडीतज्ज्ञांचं निम्मं पटतं. आमच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथे इंजिनं-डबे टिकलेत ते रेल्वेने जबाबदारी घेतली म्हणून. चौकात उभा डबा कुणाचा? नगरपालिकेचा, की उद्घाटनाच्या पाटीवर नाव असलेल्याचा?

धागाकर्ता
मग उपाहारगृह करा. सीएसएमटीला 2021 मध्ये जुन्या डब्यात सुरू झालंच की. भाड्यातून देखभाल निघेल.

मोडीतज्ज्ञ
काका, तो ब्रॉडगेजचा डबा, आणि तिथे मुंबईची गर्दी. अडीच फुटी गाडीच्या डब्यात टेबलं मांडली की वाढप्याला चालायला जागा नाही. ती सोय करायला बाकडी काढाल, खिडक्या बदलाल, एसी ठोकाल. मग जपलं काय? बाहेरचा पत्रा?

धागाकर्ता
मग आत काहीही करू नका. पण पोरांना अडीच फुटी गेज पुस्तकात वाचून कळत नाही, शेजारी उभं राहून कळतं.

नागपूरची
हे मान्य. पण आधी शेड आणि वार्षिक रंगकामाचा ठराव पालिकेकडून लेखी घ्या, अर्ज त्यानंतर करा.

कुर्डुवाडीकर
ठराव झाला तरी डबा कुर्डुवाडीलाच.