मदत हवी आहे: १४ संगणक एकाच जागेवरून व्हायरससाठी स्कॅन करायचेत
नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याजवळच्या आमच्या वाचनालयात विंडोजचे १४ संगणक आहेत. डोमेन (सगळ्यांवर एकच मध्यवर्ती नियंत्रण) नाही, साधा वर्कग्रुप, म्हणजे प्रत्येक संगणकाची खाती वेगळी. समितीला विचारून लिनक्स लॅपटॉपवरून 'एनमॅप -एसएन १९२.१६८.१.०/२४' (नेटवर्कवरचे चालू संगणक शोधणारी कमांड) चालवलं, तर ९च दिसले. सुडो (म्हणजे ॲडमिनचे अधिकार) लावताच सगळे आले! तेव्हा कळलं, सुडो लावल्यावर एनमॅप एआरपीने (स्थानिक नेटवर्कवर पत्ता विचारणाऱ्या विनंतीने) शोधतं आणि एआरपीला विंडोजची फायरवॉल अडवत नाही.

खरी अडचण पुढे आहे. माझ्या विंडोज मशीनवरून पॉवरशेलच्या इन्व्होक-कमांडने (दुसऱ्या संगणकांवर कमांड चालवायची सोय) सगळीकडे डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसचं, फुल स्कॅन सुरू करायचंय, पण प्रत्येक ठिकाणी 'ॲक्सेस इज डिनाइड'. पीएस-रिमोटिंग (दुरून पॉवरशेल चालवू देणारं सेटिंग) चालू आहे, ट्रस्टेड-होस्ट्समध्ये (विश्वासाच्या संगणकांच्या यादीत) पत्तेही टाकलेत. लोकल ॲडमिन खात्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) आणखी काही बदलावं लागतं का? मुलं इथे परीक्षांचे फॉर्म भरतात, कुठकुठले पेनड्राइव्ह लावतात. त्यांच्या फायलींची फार काळजी वाटते. कुणी केलं असेल तर कृपया सांगा.