मदत हवी आहे: केमोमुळे आईच्या हातापायाला मुंग्या, पण ती डॉक्टरांना सांगायला तयार नाही

नमस्कार, थोडं लांबेल, पण अर्धवट माहितीवर कोणी काय सांगणार म्हणून सगळंच लिहिते.

माझी आई, वय ५७, सांगली जिल्ह्यात गावाकडे असते, शुगर बऱ्याच वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. डाव्या स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या. मग लाल केमोचे ४ डोस झाले, त्यात उलट्या, तोंड येणं, केस जाणं सगळं झालं, पण त्याची निदान कल्पना तरी होती. आता दर आठवड्याला पॅक्लीटॅक्सेल चालू आहे, एकूण १२ आहेत, निम्मे झालेत. यात उलट्या जवळपास नाहीत म्हणून आम्ही जरा निवांत होतो आणि हे सुरू झालं. आधी नुसत्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, पुढच्या डोसपर्यंत जायच्या, आता जातच नाहीत. तळपाय बधिर, कापसावर चालल्यासारखं वाटतं म्हणते. ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत, पायातून चप्पल निसटली तरी तिला कळत नाही, परवा विळीवर बोट कापलं ते रक्त दिसल्यावर समजलं. रात्री तळपायांची आग होते, झोप नाही.

आणि एवढं सगळं असून डॉक्टरांनी कशा आहात विचारलं की ही म्हणते "बरी आहे". मी मध्ये बोलायला गेले की हात दाबते. घरी विचारलं तर म्हणते, सांगितलं की ते डोस कमी करणार नाहीतर बंद करणार, आणि मग परत आला तर? यावर मला काही बोलताच येत नाही, कारण भीती खोटी नाहीये.

त्यात ओळखीच्या एका काकूंनी गुळवेलीचा काढा आणून दिलाय आणि मेडिकलवाल्याने नसांच्या ताकदीच्या गोळ्या. दोन्ही अजून चालू केलेलं नाही. तर ज्यांनी हे औषध घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, हा त्रास नंतर जातो का, डोस कमी केला तर नेमकं काय होतं, घरात काय काळजी घ्यायची, आणि मुख्य म्हणजे तिला बोलतं कसं करू? तिच्या मागे डॉक्टरांना फोन करावा असं फार वाटतं, पण तिचा विश्वास तुटेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद:
ताई, मी स्वतः यातून गेलेय, हेच औषध, दर आठवड्याला. मला पण मुंग्या होत्या, माझ्या डॉक्टरांनी एक आठवडा गॅप दिला आणि पुढचे डोस थोडे कमी करून पूर्ण केले. आईला हे सांगा की डोस कमी करणं म्हणजे उपचार सोडणं नाही, डॉक्टरांना या औषधाची ही सवय माहीत असते आणि म्हणूनच ते दर वेळी विचारतात. न सांगता पुढचे सगळे पूर्ण ताकदीने घेतले तर नसांना होणारी इजा वाढत जाते, आणि औषध संपल्यावरही काही आठवडे वाढू शकते. बहुतेकींचं नंतर काही महिन्यांत कमी होतं, पण काहींचं थोडं राहतं, माझं पायाच्या बोटांत अजून आहे. म्हणून आत्ता बोलायचं. आणि "मुंग्या येतात" एवढंच सांगू नका, ते सगळेच सांगतात. हुक लागत नाही, चप्पल निसटते, बोट कापलं तरी कळलं नाही, हे असंच्या असं सांगा. रोजच्या कुठल्या कामाला अडतंय यावरून ते ठरवतात.

प्रतिसाद:
मी केमो डे केअरमध्ये नर्स आहे. काढा नकोच. गुळवेलीने लिव्हरला इजा झालेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्यात, आणि पॅक्लीटॅक्सेल शरीराबाहेर टाकायचं काम लिव्हरच करतं. नसांच्या गोळ्यांचं पाकीट बघा, त्यात एसिटिल एल कार्निटिन असेल तर अजिबात देऊ नका, याच गटातली औषधं घेणाऱ्या बायकांवर मोठी ट्रायल झाली होती, त्यात मुंग्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. बी६ सुद्धा जास्त झालं तर स्वतःच नसांना त्रास देतं. दुखण्यासाठी, आग होण्यासाठी ज्या औषधाचा चांगला पुरावा आहे ते ड्युलोक्सेटिन, पण ते डॉक्टरच देतील, तिच्या बाकी गोळ्या बघून.

शुगरचं वेगळं सांगते. सलाईनच्या आधी जे डेक्सा (स्टेरॉइड) देतात त्याने एक-दोन दिवस शुगर चढते आणि त्या रात्री झोपही उडते, तर त्या दिवसांत ग्लुकोमीटरवर बघा आणि आकडे लिहून न्या. शुगर असलेल्यांना हा नसांचा त्रास जास्त होतो. घरात अनवाणी फिरू देऊ नका, मागे पट्टा असलेली चप्पल द्या, रोज रात्री तळपाय तुम्ही स्वतः बघा कारण तिला जखम कळणार नाही, आंघोळीचं पाणी तिने हाताने नाही तर कोपराने बघायचं, शेकायची गरम पिशवी बंद, विळी पण काही दिवस बंद. आणि मुंग्यांशी संबंध नाही पण केमो चालू असताना १०० पॉइंट ४ ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री असेल तर रात्री जा.

प्रतिसाद:
मागून फोन करू नका असं माझं मत. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही कागदावर त्यांच्याच शब्दात लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं, आणि तो कागद त्यांनीच डॉक्टरांच्या हातात दिला. तोंडाने सांगायला जड जातं कधीकधी.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाकीट बघितलं, कार्निटिन आहे, गोळ्या आणि काढा दोन्ही परत दिलं. पहिला प्रतिसाद आईला वाचून दाखवला, दोनदा वाचायला लावला तिने, मग म्हणाली लिही. कागद तिने सांगितला तसा लिहिला, त्यात तिने स्वतःहून एक घातलं जे मला माहीतच नव्हतं, की रात्री बाथरूमला जाताना भिंत धरून जाते. सोमवारी डोसच्या आधी दाखवणार आहे. "कमी केलं तर परत येईल का" हा प्रश्न पण शेवटी लिहिलाय, तो मात्र ती स्वतः विचारणार म्हणते.

एकच अजून, सलाईन चालू असताना हातापायाला बर्फाचे मोजे घालतात असं ऐकलंय, शुगर असताना ते चालतात का, आणि घरून नेले तर डे केअरमध्ये घालू देतात का? नर्सताई, जमलं तर सोमवारच्या आत सांगा.

प्रतिसाद:
काही ठिकाणी घालतात. फायदा होतो असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही, आणि थंडी सहन होत नाही म्हणून बऱ्याच जणी मध्येच काढतात. पण तुमच्या आईचे पाय आधीच बधिर आहेत, त्यात शुगर, म्हणजे बर्फाने कातडीला इजा झाली तरी तिला कळणार नाही. डॉक्टरांनी पाय तपासून हो म्हटल्याशिवाय नेऊ नका. त्याच कागदावर हा पण प्रश्न लिहा.