धाडस-बिडस राहू द्या, आधी भीड सुटते का सांगा

शाईचे हात (धागाकर्ता)

यशस्वी उद्योजकाच्या अंगी कोणते गुण लागतात, ती यादी वाचून वाचून पाठ झाली आहे. धाडस, दूरदृष्टी, जिद्द, नेतृत्व. हल्ली त्यात पॅशनही असते. मी अकरा वर्षं छापखाना चालवला आणि दोन वर्षांपूर्वी बंद केला. यादीतलं बरंचसं माझ्यात होतं, ओळखणारे सांगतील. जे नव्हतं ते यादीत सापडत नाही.

मला स्वतःचे पैसे मागता यायचे नाहीत.

एक नमुना सांगतो. एका गिऱ्हाइकाचा कॅटलॉग होता. तीनदा प्रूफं बदलली, रात्री जागून काम आदल्या दिवशी पोचवलं. बिलाची मुदत ३० दिवस. पंचेचाळिसाव्या दिवशी मी मेसेज लिहायला बसलो. 'थकलेलं बिल' असं लिहिलं, ते खोडून 'राहिलेलं' केलं. मग 'जमेल तसं बघा' जोडलं. मग वाटलं, आपण फार तुटक लिहिलंय. शेवटी सगळं पुसून 'कॅटलॉग कसा वाटला?' एवढंच पाठवलं. उत्तर आलं, 'झकास! पुढच्या महिन्यात अजून काम देतो.' आणि मी खूश! नवीन काम म्हणजे नवीन उधारी, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

छपाईत कागदाचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात, पगार एक तारखेला, आणि गिऱ्हाइकाचे पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे काम वाढलं की अडकलेली रक्कमही वाढते. छापखाना बंद केला त्या वर्षीही हिशेबात नफाच होता. ताळेबंद हिरवागार आणि गल्ल्यात खडखडाट.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आणि हे फक्त वसुलीपुरतं नाही. भाव सांगताना आपणच आधी कमी करणं, परवडत नसलेल्या कामाला 'बघू' म्हणणं, काम न जमणाऱ्या माणसाला वर्षभर सांभाळणं, सगळीकडे तीच. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, हे त्याच्या आधी आपल्यालाच वाटायला लागतं. माझं मत : धाडस कमी असलं तरी धंदा चालतो, भीड जास्त असली की चालत नाही. बोला.

---

उंटावरचा शहाणा

असहमत. वसुली हे कारकुनी काम आहे, त्याला माणूस ठेवता येतो. जिद्दीला माणूस ठेवता येत नाही.

जेम्स डायसनने पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचे १९७९ ते १९८४ या काळात ५,१२७ नमुने बनवले. म्हणजे ५,१२६ वेळा 'जमलं नाही' हे पचवलं. तुमच्यासारखा भिडस्त असता आणि एवढी चिकाटी असती, तरी कुठेतरी पोचलाच असता. उलट भीड अजिबात नाही पण दहाव्या नमुन्याला कंटाळा आला, तर वसूल करायला असणार काय?

---

तिसरी घंटा

डायसनचं उदाहरण येणार हे माहीतच होतं. त्या वर्षांत घर कुणी चालवलं? त्याची बायको चित्रकलेची शिक्षिका होती, तिच्या पगारावर. शिवाय डोक्यावर कर्ज होतं ते वेगळं. जिद्द होती हे मान्य, पण दर महिन्याला तिचा खर्च दुसरं कुणीतरी भरत होतं.

फिल नाइटने बूट विकणारी कंपनी १९६४ मध्ये सुरू केली (पुढे तीच नाइकी झाली) आणि १९६९ पर्यंत हिशेबाची नोकरी सोडली नाही. हा एकटाच असा नाही. रॅफी आणि फेंग यांचा २०१४ चा अभ्यास आहे : नोकरी सांभाळून धंदा सुरू करणारे आणि मग पूर्ण वेळ त्यात उतरणारे, यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता एकदम नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी होती. आता याला गुण म्हणा की पाठबळ म्हणा. मी पाठबळ म्हणेन. स्वभावाच्या चर्चा बहुतेक वेळा ज्यांचं भाडं वेळेवर भरलं जातं तेच करतात.

---

उंटावरचा शहाणा

शिक्षकी पगार लाखो घरांत येतो. ५,१२७ नमुने एकाच घरात झाले.

---

तिसरी घंटा

बाकीच्या घरांत किती नमुने होऊन माळ्यावर पडले, ते कुणी मोजलंय?

---

गणितवेडी

धागाकर्त्यांच्या बाजूने थोडा विदा (आकडेवारी) देते आणि मग काढूनही घेते. हलके घ्या.

झाओ आणि सीबर्ट यांनी २००६ मध्ये २३ अभ्यास एकत्र करून उद्योजक आणि नोकरदार व्यवस्थापक यांच्या स्वभावांची तुलना केली. मोजपट्टी मानसशास्त्रातली नेहमीची पाच गुणांची. उद्योजक कामाच्या बाबतीत जास्त नेटाचे, नव्याला जास्त मोकळे, आणि कमी अस्वस्थ होणारे निघाले. बहिर्मुखपणात मात्र फरक नव्हता, म्हणजे 'धंद्यात बोलकीच माणसं उतरतात' हे बाजूला ठेवा. आणि पाचवा गुण, मिळतं-जुळतं घेण्याचा, तो उद्योजकांत कमी सापडला. शाईवाले म्हणतात त्या भिडेच्या बराच जवळचा. इथपर्यंत धागाकर्ते जिंकले.

पण त्याच दोघांनी लम्पकिनला सोबत घेऊन २०१० मध्ये पुढचा प्रश्न विचारला : धंद्यात कोण उतरतो ते सोडा, उतरल्यावर कुणाचा चालतो? त्यात बाकीच्या चारही गुणांचा धंद्याच्या कामगिरीशी संबंध दिसला. मिळतं-जुळतं घेण्याचा दिसला नाही. म्हणजे भिडस्त माणसं धंद्यात उतरतच नाहीत फारशी. पण उतरली तर त्या एका गुणामुळे बुडतात, असं त्या आकड्यांतून दिसत नाही. नेटाने काम करणं मात्र दोन्हीकडे टिकतं. कंटाळवाणा गुण आहे, त्यामुळे भाषणांत येत नाही.

हे सगळे संबंध तसे लहानच आहेत, हेही सांगून ठेवते. स्वभावावरून एखाद्याचा धंदा चालेल की नाही याचं भविष्य सांगण्याइतके मोठे अजिबात नाहीत.

---

शाईचे हात

गणितवेडी ताई, अभ्यासाबद्दल आभार. पण मिळतं-जुळतं घेणं आणि भीड एक नव्हे.

माझा कागदवाला घ्या. त्याच्याइतका गोड माणूस मी पाहिला नाही. महिन्याच्या सात तारखेला सकाळी दहाला फोन येणार म्हणजे येणार. आधी आईच्या गुडघ्याची चौकशी, ती मनापासून. कुठला डॉक्टर, कोणता व्यायाम, सगळं लक्षात. मग त्याच आवाजात, 'बरं, चेक आज पाठवताय की उद्या माणूस पाठवू?' आवाज जराही बदलायचा नाही. अकरा वर्षांत एकदाही आमचं वाजलं नाही आणि त्याचे पैसे एकदाही थकले नाहीत. मी दुसऱ्या कुणाचे थकवत असेन, पण त्याचे नाही. तुमच्या मोजपट्टीवर तो वरच्या टोकाला निघेल. भीड मात्र शून्य.

---

गणितवेडी

मग तुम्ही तुमचाच मुद्दा पाडलात की हो! तो फोन सात तारखेला दहा वाजता येतो. स्वभाव काय घड्याळ बघून येतो का? त्याच्या वहीत तारीख लिहिलेली असते. त्याला दर महिन्याला 'मागू की नको' असा प्रश्नच पडत नाही, कारण तो एकदाच ठरवून मोकळा झालाय. तुम्ही मात्र दर बिलाला नव्याने ठरवत बसायचात. ही सवय आहे, आणि सवयी लावता येतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात सुमारे १,५०० छोट्या व्यावसायिकांवर प्रयोग झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. एका गटाला हिशेब, विक्री, व्यवस्थापन असं नेहमीचं प्रशिक्षण दिलं. दुसऱ्याला फक्त पुढाकार घ्यायला शिकवलं : आपणहून पुढचं बघायचं, अडथळ्याची आधीच तयारी ठेवायची, पहिल्या नकाराला थांबायचं नाही. तिसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याच्या तुलनेत पुढाकारवाल्यांचा नफा दोन वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा परिणाम खात्रीने सांगण्याइतका आलाच नाही. ज्याला आपण स्वभाव म्हणून सोडून देतो त्यातलं बरंच शिकवता येतं.

---

रात्रपाळी

इथे सगळे भिडस्त जमलेले दिसतात. मी दुसऱ्या टोकाचा. मला भीड नाही. बायको म्हणते तो गुण नाही, दुखणं आहे.

माझा सुट्या भागांचा धंदा होता. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट आठ दिवस लांबलं, तर मी त्याच्या हाताखालच्या लोकांसमोर विचारलं. पैसे दुसऱ्या दिवशी आले. त्यानंतर काम आलं नाही. तेव्हाही मला वाटलं की मीच बरोबर, आणि बरोबर होतोच. पण गिऱ्हाईक गेलं.

माझं खरं दुखणं वेगळं होतं. मला कुणाचं ऐकूच यायचं नाही. कूपर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये जवळपास तीन हजार नव्या उद्योजकांना विचारलं की तुमचा धंदा यशस्वी होण्याची शक्यता किती? ८१ टक्के म्हणाले, दहात सात किंवा जास्त. ३३ टक्के म्हणाले, दहात दहा. दहात दहा! मी असतो तर अकरा म्हणालो असतो. आपल्यासारखेच बाकीचे काय करतायत, असं विचारलं तर आकडा बराच खाली आला. बुडतो तो शेजारचा, अशी प्रत्येकाची समजूत.

मला विचाराल तर गुण एकच, वाईट बातमी कानात शिरू देणं. स्ट्युअर्ट बटरफील्डने २०१२ मध्ये आपला ऑनलाइन खेळ बंद केला, लोक खेळत नव्हते म्हणून. गुंतवणूकदारांचे पैसे शिल्लक होते, ढकलत राहता आलं असतं. खेळ बनवताना टीमने आपापसांत बोलायला एक साधन तयार केलं होतं, ते २०१३ मध्ये बाहेर आणलं, तेच स्लॅक. उंटावरचे साहेब, याला जिद्द म्हणणार की माघार?

---

उंटावरचा शहाणा

जिद्द. खेळ सोडला, धंदा सोडला नाही.

---

मोडका कंपास

म्हणजे टिकला तरी जिद्द, सोडलं तरी जिद्द. मग हरायची सोयच नाही ठेवली तुम्ही. रक्ततपासणीची थेरानोस कंपनी काढणाऱ्या एलिझाबेथ होम्सनेही २००३ पासून जिद्दच धरली होती की. कोण काय म्हणतंय तिकडे लक्ष न देणं, स्वतःवर अढळ विश्वास, सगळं यादीबरहुकूम. २०२२ मध्ये न्यायालयाने गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल दोषी ठरवेपर्यंत ते गुणच होते. ही विशेषणं निकाल लागल्यावर चिकटवतात.

शाईवाल्यांचंही तेच. छापखाना चालला असता तर 'गिऱ्हाइकाशी माणुसकीने वागणारा' म्हणून सत्कार झाला असता.

---

शाईचे हात

मोडका कंपास, हे बाकी लागलं. असे दोन सत्कार झालेही होते. शाली अजून कपाटात आहेत.

गणितवेडी ताईंचं सवयीबद्दलचं पटतंय, अर्धं. तारीख लिहून ठेवायची युक्ती मीही केली होती. कॅलेंडरवर लाल गोल काढायचो. त्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा, आणि दुपारी मशीनचं काहीतरी काम काढून मी खाली. वहीत तारीख लिहिता येते. फोन उचलायचा हात कुठून आणायचा, ते टोगोवाल्यांना विचारा.

---

तिसरी घंटा

त्या कॅटलॉगवाल्याचं पुढे काय झालं? पैसे मिळाले का?

---

शाईचे हात

मिळाले. छापखाना आवरताना वहिनी हिशेब लावायला बसल्या. शाळेत शिकवतात, धंद्याशी काही संबंध नाही. माझ्या समोरच फोन लावला. म्हणाल्या, 'नमस्कार, छापखान्यातून बोलतेय. तुमचं एकशे चौदा नंबरचं बिल राहिलंय. कधी देताय?' आणि गप्प बसल्या. तिकडून काही येईना. मी असतो तर तिथेच म्हणालो असतो, 'नाही, घाई नाही तशी.' त्या बसून राहिल्या, पेन हातात धरून. ती शांतता मला सहन होईना, मी उठून खोलीबाहेर गेलो. परत आलो तेव्हा त्यांनी वहीत तारीख लिहिली होती. त्याच तारखेला पैसे आले.

---

उंटावरचा शहाणा

म्हणजे माणूस ठेवायचा होता. पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय मी.