डिझायनरने न्यायाच्या लढ्यात आपली कला द्यावी का?

नक्षीकार (सोलापूर) :
३१ ऑगस्ट या विमुक्त दिनासाठी सोलापुरातील काही तरुण डिझायनरांनी सेटलमेंट भागाकरिता पोस्टरांची मालिका विनामूल्य करायचे ठरवले आहे. त्यावरून व्यवसायातच दोन तट पडले असून, डिझायनरने गिऱ्हाइकाचे काम करावे आणि चळवळीच्या भानगडीत पडू नये, असे ज्येष्ठ मंडळी सांगत आहेत. मला ते पटत नाही.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. आपल्या शहरात तारेच्या कुंपणातील वसाहत, म्हणजेच सेटलमेंट, उभी राहिली, तिथल्या माणसांना हजेरी लागे, आणि त्यांतल्या अनेकांना गिरण्यांत कामाला जुंपले गेले. १९५२ साली ३१ ऑगस्टला कायदा रद्द झाला, म्हणूनच तो विमुक्त दिन, पण पोलिसांची नजर आणि शेजाऱ्यांची कुजबुज रद्द करणारा कायदा अजून कोणी केलेला नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आणि हा प्रश्न एकच आहेत असे मी म्हणत नाही. मात्र जन्मावरून माणसावर संशय घेण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने नावच मुळी तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या पक्षावरून घेतले होते.

त्या ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्राचे चित्रकार एमरी डग्लस यांचे उदाहरण घ्या. तरुणपणी सुधारगृहातल्या छापखान्यात त्यांचा शाईशी संबंध आला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलेजात ते कमर्शियल आर्ट शिकले आणि १९६७ पासून ते पक्षाच्या कामाला लागले. पैसे बेताचेच असल्यामुळे काळ्या शाईच्या जोडीला बहुधा एखादाच रंग मिळे. त्यातच जाड रेघ आणि तयार ठिपक्यांच्या पोताच्या आधारे त्यांनी गरीब वस्तीतल्या आयाबायांना पहिल्या पानावर मानाने आणले. हे काम नुसत्या भाषणांनी झाले नसते.

फ्लेक्सवाला (सात रस्ता) :
नक्षीकारांनी पक्षाचा कार्यकर्ता असलेल्या चित्रकाराचे उदाहरण दिले, हे सोयीचे झाले. डग्लस त्या लढ्याच्या आतले होते. आपले डिझायनर मात्र बाहेरून येणार, चार पोस्टरे करणार आणि ती आपापल्या पोर्टफोलिओत लावणार. मे २०२० मध्ये मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर, २ जूनला जगभरातल्या लोकांनी आणि कंपन्यांनी समाजमाध्यमांवर निषेध म्हणून काळे चौकोन टाकले. त्या चौकोनांच्या गर्दीत आंदोलनाची उपयोगाची माहितीच दिसेनाशी झाली, अशी तक्रार खुद्द आंदोलकांनी केली. वॉशिंग्टनमध्ये त्याच जून महिन्यात रस्त्यावर पिवळ्या रंगात “ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर” (कृष्णवर्णीयांच्या जिवालाही मोल आहे) अशी भली मोठी इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. मार्च २०२५ मध्ये ती उखडण्यात आली. रंग द्यायला आणि काढायला फारसा वेळ लागत नाही.

दुसरा मुद्दा पोटाचा आहे. जयंतीच्या हंगामात माझे मशीन रात्रभर चालते. कोपऱ्यात शुभेच्छुकांचे दहा-बारा चेहरे बसवताना डीटीपी करणाऱ्या मुलाचे डोळे चुरचुरतात, आणि वर एखादा कार्यकर्ता “समाजाचे काम आहे, पैशाचे नंतर बघू” असे सांगून जातो. ही फुकटाची सवय तुम्ही प्रतिष्ठेची करू पाहता. घरून आधार असलेला मुलगा विनामूल्य काम करू शकेल. सेटलमेंटमधूनच डीटीपी शिकून आलेल्या मुलाने मग दर कोणाकडे मागायचा?

पूर्व भागातला (सोलापूर) :
मी जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रासाठी, चौकटींच्या कागदावर ग्राफ काढतो. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या विणलेल्या वॉल हँगिंगना मागणी आहे म्हणून आम्ही ती करतो; त्याला कोणी चळवळ म्हणत नाही, तरीही ती कितीतरी घरांच्या भिंतींवर आदराने टांगलेली आहेत. ग्राफवर चष्म्याच्या काडीपाशी एक चौकट जरी चुकली तरी चेहरा परका दिसू लागतो, म्हणून तेवढ्या भागावर आम्ही जास्त वेळ घालवतो. काम रोख पैशाचे आहे, आणि चोखही आहे. फ्लेक्सवाल्यांचा पैशाचा मुद्दा मला मान्य आहे, पण बाहेरच्याने हात लावूच नये हा मुद्दा नाही, कारण आमच्यातले बरेच जण तेलुगूभाषक पद्मशाली आहेत आणि त्यांनीच हे चेहरे विणले आहेत.

सेटलमेंटची लेक :
दोन्ही बाजू आमच्याविषयी बोलत आहेत, म्हणून लिहिणे भाग पडले. त्या मालिकेचे दोन नमुने मी पाहिले. एकात काटेरी तार आणि तारेमागे सुरकुतलेली म्हातारी आहे, तर दुसऱ्यात बेडीतले हात आहेत. माझ्या आजीने गिरणीत पाळी केली, चार मुले शिकवली आणि भांडणात ती कोणाला हार गेली नाही. तिचे हे चित्र कोणी काढले, आणि कोणाला विचारून?

१९६८ साली मेम्फिसमध्ये कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या हातातल्या फलकांवर “मी माणूस आहे” एवढेच ठळक इंग्रजी अक्षरांत छापलेले होते आणि त्यातल्या ‘आहे’ या अर्थाच्या शब्दाखाली एक रेघ होती. त्यावर कोणाचा रडका चेहरा नव्हता. चेहरा फलक धरणाऱ्याचाच दिसत होता.

आम्हाला काय हवे ते सांगते. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला काढताना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा पाल घेऊन गावोगाव फिरत होते, त्यांनी तो कुठून आणायचा? शाळेचा जुना दाखला चालतो का, वडिलांचा नसेल तर चुलत्याचा चालेल का, अर्ज कोणाकडे द्यायचा, हे सारे मोठ्या अक्षरांत आणि एका नजरेत कळेल असे कोणी मांडून देईल का? आज ते बारीक अक्षरांच्या शासकीय कागदात दडलेले आहे आणि एजंट त्यावरच पैसे कमावतो.

नक्षीकार :
ताई, तो तक्ता व्हायलाच हवा, आणि त्यालाही परंपरा आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून हाताने रंगवलेले तक्ते मांडले होते. जॉर्जियातील कृष्णवर्णीयांची जमीन, शिक्षण आणि व्यवसाय यांची आकडेवारी त्यांत पट्ट्यांनी आणि वळणावळणाच्या रेघांनी दाखवली होती. करणारे त्याच समाजातले होते, हे तुमच्या बाजूने जाते.

तरीही तारेचे चित्र पुसून टाकण्यास माझा विरोध राहील. चार हुतात्म्यांचा पुतळा दाखवून १९३१ च्या फाशीची गोष्ट पोरांना सांगणारे हे शहर आपल्याच सेटलमेंटचे कुंपण सांगत नाही. म्हातारीचे चित्र वस्तीला विचारून बदलावे, हवे तर काढून टाकावे, पण कुंपण राहू द्यावे.

सेटलमेंटची लेक :
कुंपण चित्रात राहू द्या, हरकत नाही. मात्र ते पोस्टर सेटलमेंटमध्ये लावू नका, आम्हाला कुंपण ठाऊक आहे. शहरात लावा.

फ्लेक्सवाला (सात रस्ता) :
दाखल्याच्या तक्त्याचा मजकूर वस्तीतून येऊ द्या आणि तो आधी एखाद्या जाणकार वकिलाच्या नजरेखालून घाला, कारण चुकीची तारीख छापली गेली तर लोकांचे हेलपाटे वाढतील. ले-आउट त्याच वस्तीतल्या मुलाकडून करून घ्यावा आणि त्याचे पैसे त्याला द्यावेत. छपाईला मी नेहमीचाच दर लावीन, फुकट करणार नाही. वर्गणी काढणार असाल तर माझे नाव त्यात घाला, पण कोपऱ्यात माझा फोटो नको.