मदत हवी आहे: बारीक बॉक्साइटमधलं लोह कसं कमी करावं?

मंडळी, शाहूवाडीकडचा जांभ्यातला बॉक्साइट रिफ्रॅक्टरीसाठी (भट्टीच्या उष्णता सोसणाऱ्या विटांसाठी) हवाय. १५० मायक्रॉनखाली दळलाय. ओल्या हाय इंटेन्सिटी मॅग्नेटिक सेपरेटरवर (पाण्यात कालवलेल्या भुकटीतलं लोह तीव्र चुंबकाने वेगळं करणारं यंत्र) १.२ टेस्लाला सुटा हेमेटाइट हा लोहाचा ऑक्साइड निघतो, पण गोएथाइट हे लोहाचं दुसरं खनिज गिब्साइटच्या (बॉक्साइटमधलं ॲल्युमिनियमचं खनिज) कणांतच गुंतलेलं असतं, ते हटत नाही. शिवाय २० मायक्रॉनखालचा गाळ मॅट्रिक्समध्ये (सेपरेटरमधल्या लोखंडी जाळीत) अडकून चांगला मालही ओढून नेतो. आधी हायड्रोसायक्लोनने (पाणी गरगर फिरवून बारीक कण वेगळे करणारं यंत्र) गाळ काढला तर ॲल्युमिनाही वाया जातो, हेच जास्त खटकतं.

सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट (कण एकमेकांना चिकटू न देणारं रसायन) घालून, पीएच ९ च्या आसपास ठेवून कण सुटे करायचा विचार आहे. टनाला किती ग्रॅम पुरेल? की ५५० अंशांवर रिडक्शन रोस्टिंग (ऑक्सिजन कमी करणाऱ्या वायूत भाजणं) करून लोहाचं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला सहज चिकटणारं खनिज, करावं? गिब्साइटचं पाणी ३०० अंशांच्या आसपासच उडतं, पण रिफ्रॅक्टरीचा माल नाहीतरी भाजायचाच असतो. ऑक्झॅलिक ॲसिडने लोह विरघळवून पाहिलेल्यांनी तापमान आणि वेळ जरूर सांगा.